तिसरा हौद

साहेबाची जीप पुलावर दिसली तेव्हा सैकल तिसऱ्या हौदाच्या काठावर ओणवी होऊन पाण्यात बघत होती. सकाळपासून ती किती वेळा तिथे येऊन अशी ओणवी झाली होती कुणास ठाऊक. पाणी नितळ होतं. तळाचे गोटे दिसत होते, लव्हाळ्याची मुळं दिसत होती, आणि एक बेडूक होता, त्याचाही तिला आज आधार वाटत होता. बेडूक राहतो म्हणजे पाणी चांगलंच असणार, असं ती स्वतःला समजावत होती.

लोकर धुण्याचा तिचा कारखाना म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. सामूहिक शेतीच्या काळातला एक जुना गोठा, त्यात गरम पाण्याच्या टाक्या, कोपऱ्यात रंगाची काहील आणि कोक-बुलाक गावातल्या हाताला काम नसलेल्या बायका. लोकर यायची ती चिखल, लेंड्या, काटे आणि मेंढीच्या अंगचं तेल घेऊन; जायची ती पांढरीशुभ्र होऊन, नमदे म्हणजे जाड गालिचे करणाऱ्यांकडे. मधली सगळी घाण पाण्यात. ते पाणी सुरुवातीला सरळ पाटात जायचं आणि पाट जायचा खालच्या गावच्या बटाट्यांत. खालच्या गावानं तक्रार केली. तक्रार खरी होती, त्यामुळे सैकलला धड रागही येईना. मग नोटीस आली: सांडपाणी सोडायची रीतसर परवानगी काढा, नाहीतर शरदातल्या कातरणीआधी दाराला सील.

परवानगी काढायची म्हणजे काय, हे ज्यानं काढली त्यालाच ठाऊक. अर्ज दिला की अर्जाला नकाशा हवा. नकाशा दिला की नकाशावर पाटाच्या मालकाची सही हवी. पाटाला मालक नाही म्हटलं तर तसा दाखला हवा. जिल्ह्याच्या गावी खिडकीत बसलेली बाई वाईट नव्हती, फक्त तिला दर वेळी एक नवीन कागद आठवायचा. सैकल मुकाट्यानं परत यायची आणि परत जायची. दरम्यान बायकांना हाताशी धरून तिनं तीन हौद खणले: पहिल्यात गाळ बसायचा, दुसऱ्यात वाळू-खडीतून पाणी गाळलं जायचं, तिसऱ्यात लव्हाळी उरलंसुरलं शोषून घ्यायची, आणि तिसऱ्याच्या तोंडातून स्वच्छ पाणी पाटात पडायचं. आता एकच राहिलं होतं. पर्यावरण खात्याचा साहेब येऊन त्या तोंडाशी बाटली भरून नेणार होता. बाटलीतलं पाणी पास झालं की परवानगी.

आणि नाही झालं तर मॉस्को. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

मॉस्को तिनं पाहिलेलं होतं, म्हणजे तिथले जिने पाहिले होते. ते पुसण्यात तिची चांगली वर्षं गेली. ती आणि नवरा केनेश दोघं गेले तेव्हा जिबेक अंगावर पीत होती. तिला ठेवलं सासूजवळ. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण पहिलं नातवंड म्हातारीच्या पदरात घालायची चालच आहे, आणि अशा वेळी सुनेला विचारत बसण्याची चाल नाही. मग केनेश एका इमारतीच्या परांचीवरून पडला. सैकलनं त्याला लाकडी पेटीतून घरी आणलं आणि पुरलं. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून पुन्हा जिने पुसायला गेली. कायमची परत आली तेव्हा जिबेक म्हातारीच्या घागऱ्यामागे लपली आणि तिथून डोकं काढून म्हणाली, “अपा, ही कोण?”

अपा म्हणजे आई. जिबेकची अपा म्हणजे तुर्दुकान म्हातारी. सैकलला ती सैकल-एजे म्हणायची, सैकलताई. वेणी म्हातारी घालायची, नखं म्हातारी कापायची, ताप आला की म्हातारीच्या कुशीत. एकदा सैकलनं हौसेनं फणी हातात घेतली, तर पोर मुकाट उठून म्हातारीपुढे जाऊन बसली. पोर परत द्या म्हणायची सैकलची छाती नव्हती. कोणत्या तोंडानं म्हणणार? ज्या बाईचा एकुलता एक मुलगा गेला, तिच्याजवळ त्याचं एवढंच उरलं होतं. सैकलनं मनाशी इतकंच धरलं होतं की आपण इथे असलो, रोज डोळ्यांपुढे असलो, तर कधीतरी पोरीला कळेल. मॉस्कोला पुन्हा गेलो तर तेही संपलं.

साहेब जीपमधून उतरला. एसेनकुल नाव, पन्नाशीला आलेला, खांदे जरा पुढे वाकलेले, हातात बाटल्यांची पेटी. तुर्दुकान म्हातारी रोटीची चवड पुढे धरून अंगणात उभी होती. त्यानं रोटीचा नखाएवढा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि हात झटकले.

“या, बसा, चहा घ्या,” म्हातारी म्हणाली.

“आधी काम, अपा.”

“मग कामानंतर.”

“कामानंतर निघणार. डबा आहे माझा गाडीत.”

“डबा?” म्हातारीनं असं तोंड केलं की जणू त्यानं शिवी दिली. “माझ्या दारात येऊन तू तुझ्या डब्यातलं खाणार? तुझ्या आईला कळवू का मी?”

एसेनकुलचे कान लाल झाले, पण तो हलला नाही. त्याचंही खरं होतं. त्याच्या आधीच्या साहेबाच्या गाडीत, मागच्या बाजूला, पाय बांधलेला जिवंत मेंढा सापडला होता, आणि मेंढ्याला आपण तिथे का आहोत हे सांगता येत नसलं तरी बाकीच्यांनी ते सांगितलं. तो साहेब घरी बसला. तेव्हापासून एसेनकुल उकडलेली अंडी आणि रोटी घरून बांधून आणायचा आणि गाडीत काचा वर करून खायचा.

तो पेटी उघडत होता तेवढ्यात सैकलनं सासूला बाजूला घेतलं. “अपा, पाया पडते, काही मांडू नका. नुसता चहा ठेवा. तो घाबरलाय हो.”

“बरं, बरं,” म्हातारी म्हणाली.

म्हातारीचं एकदा बरं म्हणजे बरं. दोनदा बरं म्हणजे मी माझंच करणार. हे सैकलला पक्कं माहीत होतं, पण त्या क्षणी तिच्या डोक्यात बाटल्यांशिवाय काही नव्हतं.

नमुने तीन घ्यायचे होते. एक वर, जिथे पाट अजून कारखान्यापर्यंत आलेलाच नसतो, एक हौदाच्या तोंडाशी, एक खाली. वरची जागा पार जुन्या गिरणीपाशी होती, टेकाड चढून, जाऊन-येऊन तीन तासांची वाट. दोघं चालत गेले. एसेनकुल फार बोलत नव्हता, पण विचारत होता ते नेमकं.

“साबण कुठला?”

“साधा. खिडकीतल्या बाईंनी सांगितला तोच.”

“रंगाचं पाणी?”

“ते वेगळं साठवते, आटवते. हौदात नाही येऊ देत.”

“घरचं सांडपाणी?”

“घरचा शोषखड्डा वेगळा आहे, साहेब. हौदात फक्त लोकरीचं.”

“फक्त लोकरीचं,” त्यानं लिहून घेतलं. “बायका कपडे वगैरे धुतात तिथे?”

“एकदा आमच्या कामावरच्या कालिपानं सतरंजी बुडवली होती. मी इतकी ओरडले, की अजून माझ्याशी तोंड वाकडं करून बोलते.”

तो पहिल्यांदा हसला. येताना उतारावर तिला मटणाचा वास आला, पण दुपारची वेळ होती आणि गावात कुणाकडे तरी शिजतच असतं. तिनं मनावर घेतलं नाही.

हौदाच्या तोंडाशी एसेनकुल गुडघ्यावर बसला, बाटली धरली आणि थांबला. सैकल त्याच्या खांद्यावरून बघत होती. पाणी पडत होतं त्या जागी पिवळसर फेस धरला होता. सकाळी नव्हता. पाण्याला एक पुसट गढूळपणा होता, सकाळी तोही नव्हता. तिला वाटलं ढग आला असेल. तिनं वर पाहिलं. आभाळ लख्ख होतं.

“रोज असंच असतं?” त्यानं विचारलं.

“नाही. म्हणजे... आज टाक्या जास्त चालू आहेत,” ती म्हणाली आणि आपण काय बोलतोय हे तिचं तिलाच कळेना.

त्यानं बाटली भरली, झाकण लावलं, त्यावर कागदी पट्टी चिकटवली, शिक्का मारला, सही केली, तिचीही सही घेतली. खालचा नमुना घ्यायला जातानाही ती मागे वळून त्या फेसाकडेच बघत होती.

कागद भरायला टेबल लागतं, म्हणून एसेनकुल घरात यायला तयार झाला. “पाच मिनिटं, आणि फक्त चहा,” त्यानं बजावलं. घरात पाऊल टाकलं आणि दोघंही उंबऱ्यातच थबकले. जेवणाचं कापड, दस्तरखान, अंगणाएवढं पसरलेलं, त्यावर तळलेल्या पिठाचे गोळे, जर्दाळू, साय, आणि मधोमध परातीत वाफाळणारं मेंढ्याचं मटण. पाहुण्याच्या जागेपुढे कमरेचं मानाचं हाड, चरबीसकट, ताटात वेगळं काढून ठेवलेलं. कालिपा हात पुसत दारात उभी होती, सतरंजीचा राग विसरून, तोंडभर हसत.

एसेनकुलचा चेहरा पडला. तो भिंतीला टेकून बसला, ताटापासून शक्य तितका लांब, आणि त्यानं कागद मांडीवर घेतले.

सैकलचं लक्ष परातीवर होतं. मटणाच्या कडेला वजडी होती, व्यवस्थित वेणीसारखी गुंफलेली. इतकी वजडी साफ करायला केवढं पाणी लागतं हे तिला माहीत होतं. फेस कशाचा होता ते तिला तिथल्या तिथे कळलं.

ती स्वयंपाकघरात गेली. “अपा, वजडी कुठे धुतली?”

“कुठे म्हणजे? तुझ्या हौदात.” म्हातारी रस्सा ढवळत होती, खुशीत होती.

“कुठल्या हौदात?”

“हा काय, इथला, चुलीजवळचा. अगं, पाटात एक थेंब रक्ताचा जाऊ दिला नाही मी. ही कालिपा टोपलं घेऊन पाटाकडेच निघाली होती, मी ओरडले तिच्यावर. वाहत्या पाण्यात घाण टाकू नये हे मला माझ्या आजीनं शिकवलंय, तुझ्या सरकारनं नाही. आणि तूच ना महिनाभर आमचे कान किटवलेस? घाण पाणी हौदात, घाण पाणी हौदात!”

“पहिल्या हौदात, अपा!” सैकलचा आवाज फुटला. “शेवटच्यातून तर ते बाहेर पडतं. त्यानं तिथलीच बाटली भरलीय. शिक्का मारून. रक्त, चरबी, सगळं त्यात आहे.”

म्हातारीच्या हातातला डाव थांबला. “मग? आता?”

“आता काय? दाराला सील. आणि मी मॉस्कोला.” आणि मग, इतकी वर्षं मनात ठेवलेलं ते बाहेर आलं. “तुम्हाला काय, बरंच झालं. पोर तुमच्याकडेच राहील. मुद्दाम केलंत तुम्ही.”

कालिपानं मान खाली घातली. म्हातारी सुनेकडे बघत राहिली.

“हिवाळ्यासाठी राखलेला मेंढा होता तो,” शेवटी ती म्हणाली. “तुझ्या कामासाठी कापला मी.”

सैकल तिथे थांबली नाही. बोललेलं परत घेता येत नव्हतं आणि घ्यायचंही नव्हतं. राग आणि भीती एकमेकांत इतकी मिसळली होती की कुठलं काय ते तिला सांगता आलं नसतं. ती बाहेरच्या खोलीत आली, साहेबासमोर बसली आणि घडाघडा सगळं सांगून टाकलं. गप्प राहून उपयोग नव्हता. प्रयोगशाळेत रक्त निघालं असतं, अर्ज फेटाळला गेला असता आणि नवा अर्ज पुढच्या वसंतात. तोवर लोकर खालच्या बाजारात, बायका घरी आणि ती विमानात.

“एवढंच ना?” एसेनकुल म्हणाला, आणि सैकलला क्षणभर वाटलं सुटलो. “नमुना रोजच्या कामाच्या पाण्याचा नसेल तर तो रद्द करता येतो. तसा नियम आहे. पंचनामा करायचा, कारण लिहायचं, साक्षीदाराची सही, नमुना ओतून टाकायचा. मी पुन्हा येईन.” त्यानं कोरा कागद काढला. “कारण सांगा. मेंढा कशासाठी कापला?”

“तुमच्यासाठी,” सैकल म्हणाली.

पेन कागदावर टेकलेलं होतं, ते तसंच राहिलं.

“हे मी लिहू?” त्यानं हळूच विचारलं. “साहेब तपासणीला आले म्हणून मेंढा कापला? आधीच्याचा निदान जिवंत होता, बाई. तो सोडून तरी देता आला.”

“तुम्ही तर घाससुद्धा खाल्ला नाही.”

“कोण विश्वास ठेवणार?” त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. “दुसरं काही कारण लिहिलं आणि उद्या गावातल्या कुणी सांगितलं, की अहो तो तर साहेबासाठीच होता, तर मी संपलो. माझीही पोरं शिकतायत. मी काही लिहीत नाही. बाटली जशी आहे तशी जाऊ दे.”

“मग माझं काय?”

तो वाईट माणूस नव्हता, हे त्याच्या खाली गेलेल्या नजरेवरून दिसत होतं, पण भ्यालेला माणूस कितीही चांगला असला तरी दुसऱ्याच्या काय कामाचा? सैकल त्याच्या हातातल्या पेनकडे बघत बसली. कागद कोराच होता.

तेवढ्यात म्हातारी आत आली. दाराआडून तिनं सगळं ऐकलं होतं. या घरात दारं असतात ती त्यासाठीच. ती सावकाश दस्तरखानाशी बसली, हात लांब करून एसेनकुलच्या ताटातलं मानाचं हाड उचललं आणि सैकलच्या पुढ्यात ठेवलं.

“तुझ्यासाठी कापला असं कोण म्हणतं?” ती त्याला म्हणाली. “मोठा आलास! मी बोलले का तसं? कापताना बाता तरी घेतला का कुणी तुझ्या नावानं?”

घेतला नव्हता, हे खरं होतं. जनावर कापायच्या आधी सगळ्यांनी हात पसरून बाता, म्हणजे दुवा, घ्यायचा, कुणासाठी, कशासाठी ते बोलायचं आणि मग सुरी लावायची, अशी रीत. पण साहेब नको म्हणेल या भीतीनं म्हातारीनं तो जेवणानंतरवर ढकलला होता. मेंढा अजून कुणाचाच नव्हता.

“आमच्या घरात आज कार्य आहे,” म्हातारी म्हणाली. “तू वाटेवरचा माणूस. कार्याच्या दिवशी आलास म्हणून तुझ्यापुढे ताट आलं. कालिपा, ये, बस इथे. तू साक्षीदार.”

“कसलं कार्य, अपा?” एसेनकुलनं सावधपणे विचारलं.

जिबेक दाराच्या चौकटीला पाठ लावून वजडीचा तुकडा चघळत होती, बोटं तेलकट, एक वेणी सुटत आलेली. म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं, की पोरीनं चघळणं थांबवलं.

“पोर तिच्या आईला परत देतेय मी,” म्हातारी म्हणाली.

“अपा...” सैकलच्या तोंडून निघालं.

“तू गप्प बस. मघाशी बोललीस तेवढं पुरे.”

एसेनकुलनं एकदा सैकलकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे. “अपा, राग मानू नका. पण खोटं मी लिहिणार नाही.”

“खोटं कोण म्हणतं? हात पसर. तू हात मिटेपर्यंत खरं झालेलं असेल.”

त्यानं पेन खाली ठेवलं आणि हात पसरले. कालिपानं पसरले. सैकलनं पसरले. म्हातारीनं आपले दोन्ही तळवे उघडून पुढे धरले, आणि तिचा आवाज रोजच्यासारखाच होता, भाव सांगताना असतो तसा.

“ही जिबेक. माझ्या केनेशची. मी वाढवली, आजपासून तिच्या आईची. आईच्या हातून तिच्या ताटात पडो, आईच्या दारातून तिची वरात निघो. आणि हिच्या आईला या गावातून पोटासाठी पुन्हा कुठं जावं लागू नये. ओमिन.”

“ओमिन,” सगळे म्हणाले आणि तळवे तोंडावरून फिरवले. म्हातारीनं तळवे तोंडावरून काढायला जरा वेळ लावला.

मटणावर चारचौघांत उच्चारलेलं मागे घेता येत नाही. हे सैकलला माहीत होतं, कालिपाला माहीत होतं, संध्याकाळपर्यंत गावालाही झालं असतं. म्हातारीला तर ते सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

“अपा, म्हणजे मी कुठे जायचं?” जिबेकनं दारातून विचारलं.

“कुठे नाही. शेजारच्या खोलीत निजायचं.”

“आणि तू?”

“मी इथेच. मी काय मेले?”

एसेनकुलनं लिहिलं: घरगुती कार्य, मुलगी आईच्या स्वाधीन, त्यानिमित्त मेंढा, वजडीचं पाणी चुकून तिसऱ्या हौदात, नमुना रोजच्या पाण्याचा नाही, सबब रद्द. कालिपानं मोठ्या ऐटीत सही केली. मग तो बाटली घेऊन अंगणात गेला, पट्टी फोडली आणि सवयीनं पाटाच्या काठाशी वाकला.

“पहिल्या हौदात!” मागून म्हातारी केवढ्यांदा ओरडली. त्याच्या हातून बाटली सुटतासुटता राहिली.

ओतून आल्यावर तो उंबऱ्यात घुटमळला. “मेंढा माझा नाही हे ठरलंय ना?” त्यानं विचारलं. ठरलंय म्हटल्यावर तो बसला आणि असा जेवला, की बघणाऱ्याला त्याच्या त्या उकडलेल्या अंड्यांची कीव यावी.

जीप गेल्यावर सैकल गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरली. हौद उपसायचा होता, लव्हाळ्यांना चिकटलेली चरबी काढायची होती. थोड्या वेळानं घागरा खोचून, हातात पिठाची चाळण घेऊन म्हातारीही उतरली आणि तरंगणारे पांढरे गोळे चाळणीनं गोळा करायला लागली.

“अपा, मघाशी मी जे बोलले...”

“ऐकलं मी.” म्हातारीनं चाळण बादलीत झटकली. “मुद्दाम नव्हतं ओतलं.”

“माहीत आहे.”

“थांब, पुरतं ऐक. ओतलं नव्हतं मुद्दाम. पण तू गेलीस तर पोर माझ्याकडेच राहील, हे मनात आलं नव्हतं असं नाही. पुष्कळदा आलं. तू जिल्ह्याला कागद घेऊन जायचीस ना, तेव्हा दर वेळी यायचं.” ती पुन्हा वाकली. “तिकडे कोपऱ्यात बघ, अजून आहे.”

सैकल कोपऱ्याकडे गेली. तिला रडू येत होतं, आणि भीती अजून होतीच. म्हातारीनं आपलं सगळं देऊन टाकलं होतं, आणि पाणी तरीही नापास झालं तर काय, या विचारानं पुढच्या कित्येक रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. आता हरायचं म्हणजे दोघींनी हरायचं होतं. साहेब ठरल्याप्रमाणे पुन्हा आला, रोटीचा नखाएवढा तुकडा मोडून बाटल्या भरून गेला, आणि ती रोज हौदावर जाऊन ओणवी होत राहिली. बेडूक परत आला तेव्हा तिनं म्हातारीला हाक मारून दाखवला. दोघी काठावर उभ्या राहून बेडकाकडे बघत राहिल्या.

परवानगी आली ती कातरणी सुरू व्हायच्या तोंडावर. सैकलनं ती गोठ्याच्या दारावर लावली. खाली अट होती, की हौदात लोकरीखेरीज दुसरं कुठलंही पाणी सोडू नये. म्हातारीनं ते वाक्य मोठ्यानं वाचायला लावलं आणि कालिपाकडे बघून म्हणाली, “ऐकलंस ना?”

जिबेकचं मात्र कागदासारखं नव्हतं. ती सैकलच्या खोलीत निजायची आणि पहाटे म्हातारीच्या पांघरुणात सापडायची. हाक अजून सैकल-एजे हीच होती. सैकल काही म्हणत नव्हती. म्हातारी पोरीला उठवून, हाताला धरून, परत शेजारच्या खोलीच्या दारापर्यंत आणून सोडायची.

एके सकाळी सैकल टाकीवर होती, हात कोपरापर्यंत लोकरीत. घरातून म्हातारीची हाक आली, तक्रारीच्या सुरात, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी. “सैकल! अगं तुझी लेक दूध पीत नाही, बघ जरा येऊन!”

इतक्या वर्षांत तिनं कधी तुझी लेक म्हटलं नव्हतं. सैकल हातातली ओली लोकर तशीच टाकून धावली. स्वयंपाकघरात पोचली तर जिबेक चटईवर बसलेली, आणि दुधाची वाटी तिच्यापुढे पालथी.

“मी तर कधीच प्यायले,” जिबेक म्हणाली.

म्हातारी चुलीकडे तोंड करून बसली होती. तिनं मागे न बघता हात लांब केला. हातात फणी होती.

“मग वेणी राहिलीय,” ती म्हणाली. “घाल. माझे हात पिठाचे आहेत.”

तिच्या हातांना पीठ नव्हतं. सैकलनं फणी घेतली आणि ती जिबेकच्या मागे बसली. पोर एकदा म्हातारीच्या पाठीकडे बघून हलली, उठेल असं वाटलं. पण म्हातारी वळली नाही, आणि मग जिबेकनं मान मागे केली.